शाळेच्या छपराचं सरकतं टोक

अण्णा,

त्या शनिवारी सकाळी मोबाइलवर तुमचं नाव दिसलं आणि मी नेहमीसारखं विचारलं, "बोला अण्णा, आज कुठल्या छपराची कैची वाकडी झाली?" पलीकडे कोणी बोलेना. मग संतोषचा आवाज आला, "मॅडम, मी बोलतोय. अण्णा गेले." तुमच्या मुलाकडे माझा नंबरच नव्हता. तो असायचं कारणही नव्हतं, कारण चोवीस वर्षांत माझ्याशी बोलायचं काम तुम्ही कधी दुसऱ्याकडे दिलं नाहीत. आणि त्या बिचाऱ्याला माझ्याकडून पहिलं वाक्य ऐकायला मिळालं ते चेष्टेचं.

सिन्नर फाट्यावरची वेल्डिंगची शेड तुम्ही रोजच्यासारखी उघडलीत, बाहेर खुर्ची टाकलीत, चहा सांगितलात आणि चहा येईपर्यंत नव्हतात. तुमचा जुना वेल्डर रफिक म्हणाला, त्याला वाटलं तुम्ही डोळे मिटून विचार करताय. मोठं काम आलं की तुम्ही तसेच बसायचात. म्हणून त्याने ग्लास शेजारी ठेवला आणि तो आत गेला.

आज त्याला पंधरा दिवस झाले. मी इमारतींची गणितं करणारी बाई, मला पत्रं लिहायची सवय नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती त्या शाळेच्या हॉलची आहे. कुठली शाळा ते तुम्हाला सांगायला नको. ती गोष्ट तुम्ही स्वतःच गावभर सांगत आलात. तुम्ही सांगायचात तशी ती नव्हती, अण्णा. मला ते माहीत होतं आणि मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

थांबा, जरा वेळाने येते त्याच्यावर. कामावरची वाईट बातमी सांगायच्या आधी तुम्हीही घरच्यांची, पाऊसपाण्याची चौकशी करून घ्यायचात.

आपली ओळखच मुळात भांडणातून झाली. दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसचे पत्रे वळवाच्या वाऱ्यात उडून शेजारच्या बागेत पडले होते. ते का उडाले हे सांगायला मालकाने मला बोलावलं होतं आणि परत बसवायला तुम्हाला. मी तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांची, हातात टेप आणि डोक्यात नुकतीच वाचलेली पुस्तकं. तुम्ही पन्नाशीला टेकलेले, डोक्याला रुमाल गुंडाळलेले आणि छपरावर वाळूची पोती चढवायच्या तयारीत. "वारा दाबतो मॅडम," तुम्ही मला समजावलंत, "पत्रा वाकतो अन् मग निघतो. वर वजन ठेवलं का जागचं हालायचं नाय." मी म्हटलं, वारा असलं छप्पर दाबत नाही, उचलतो. तुम्ही तुमच्या माणसांकडे बघून हसलात. मला त्या हसण्याचा असा राग आला की मी मालकाच्या टेबलावरचं वर्तमानपत्र फाडून त्याची पट्टी केली, ओठांखाली धरली आणि वरून फुंकर मारली. पट्टी खाली जायच्या ऐवजी वर उचलली गेली.

तुम्ही ती माझ्या हातून घेऊन दोनदा फुंकून बघितलीत. तिसऱ्यांदा माझ्याकडे पाठ करून, बहुधा मी काही हातचलाखी करते का ते तपासायला. मग वळून म्हणालात, "म्हंजे इतकी वर्षं मी वाऱ्याच्या बाजूनं काम करत होतो काय?" पोती खाली आली. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांना, जिथे वारा सर्वांत जोरात उचलतो तिथे, दुप्पट बोल्ट लागले. नंतर सुमनवहिनी सांगायच्या की घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही चहाच्या आधी कागद फुंकायला लावता.

पण त्याच छपरावर तुम्हीही मला शिकवलंत. मी बोल्ट कचकचून आवळायला सांगत होते. तुम्ही मला शिडीवर चढवलंत आणि दाखवलंत की फार आवळलं की रबराचा वायसर बाहेर येतो, पत्र्याला खळगा पडतो आणि पहिल्या पावसात तिथूनच गळायला लागतं. "तुमच्या कागदावर नुसता बोल्ट असतो मॅडम," तुम्ही म्हणालात, "माझ्या हातात तो वायसरसकट येतो." तोपर्यंत साडी नेसून छपरावर चढणारी इंजिनिअर तुमच्या माणसांनी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी पंजाबी ड्रेस घालून आले आणि तुम्ही शिडीचं वरचं टोक दोरीने बांधायला लागलात.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या चिमणीची गोष्ट मी माझ्या ऑफिसात अजून सांगते. तरुणपणी तुम्ही तिथे एका ठेकेदाराकडे वेल्डर होतात. पार वरच्या फलाटावर काम होतं आणि बाहेर सुसाट वारा. तुम्ही चहाचा ग्लास पायाशी ठेवलात, तर चहा एकदा या काठाला चढायचा, एकदा त्या काठाला. आधी तुम्हाला वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. मग लक्षात आलं, हलतेय ती चिमणी. "लय घाबरलो," तुम्ही सांगायचात. "खाली येऊन मुकादमाला म्हणलं, चिमणी पडणार. तो म्हणला, हालायला लावूनच बांधलीय ती. जा, चहा संपव." उंच बांधकाम वाऱ्यात किती सावकाश झुलतं, एका झोक्याला किती सेकंद लागतात, हे सगळं मी कॉलेजात सूत्रांनी शिकले होते. तुम्ही ते ग्लासात बघितलं होतंत. माझ्याकडे नवीन लागलेल्या मुलींना मी आधी तुमचा चहा सांगते आणि सूत्र नंतर.

टाकीचं भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. घराच्या गच्चीवर तुम्ही चार बारीक खांब उभे केलेत आणि त्यांच्यावर स्वतःच्या हाताने पाच हजार लिटरची सिमेंटची टाकी ओतलीत. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मी खालूनच ओरडले. "अण्णा, भूकंप वजनाला धरतो. जेवढं जड, तेवढा मोठा हिसका. आणि तुम्ही जड ते सगळं डोक्यावर घेऊन बसलाय, काटक्यांवर." तुमचं म्हणणं ठरलेलं, जड तेवढं बळकट. शिवाय, "तुमच्या भूकंपाला माझ्या घराचा पत्ता कुठं ठाऊक हाय?"

मग एका दुपारी खरोखरच जमीन हलली. पेठ-दिंडोरीच्या बाजूला अधूनमधून येतो तसाच धक्का होता, फक्त या वेळी शहरातही जाणवला. माझ्या ऑफिसातली खुर्ची टेबलापासून बोटभर सरकली. आम्ही सगळे खाली रस्त्यावर आलो, तोवर तुमचा फोन. मला वाटलं, माणूस माझी काळजी करतोय. तर तुम्ही ओरडलात, "मॅडम, टाकी जागेवर हाय!" मी म्हटलं, हा भूकंप नव्हता अण्णा, त्याने नुसती दारावर टकटक केली. तर म्हणे, "मग मी दारच उघडलं नाय." इतकी वर्षं मी तुमच्याशी वाद घातला, आकडे दाखवले, खांबांना आडव्या-तिरप्या पट्ट्या मारून देते म्हणाले, शेवटी हात टेकले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा घरी आले तेव्हा सवयीने मान वर केली. टाकी तिथेच आहे, भरलेली, कोपऱ्यातून ठिबकणारी. संतोषला म्हटलं, आता तरी पट्ट्या मारून घे. तो अगदी तुमच्यासारखा हसला. आता हे भांडण मला एका पिढीने पुढे न्यायचंय असं दिसतं.

आता शाळेवर येते.

साठ फुटांची लोखंडी कैची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छप्पर पेलणारी, थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या भर दुपारपर्यंत नखाच्या रुंदीएवढी लांब होते. ऐकायला काहीच वाटत नाही. पण तिला तेवढी जागा दिली नाही तर ती भिंतीला ढकलून जागा करून घेते, आणि लोखंडाच्या ढकलण्यापुढे विटांचं काही चालत नाही. म्हणून कैचीचं एक टोक पक्कं बसवायचं आणि दुसरं सरकतं ठेवायचं. सरकत्या टोकाच्या प्लेटला गोल भोक न पाडता लांबट पाडायचं, नट हलका ठेवायचा, की उन्हाळ्यात कैची पुढे जाते आणि थंडीत मागे येते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही नंतर हे माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगायचात.

आणि आपल्या धंद्यातली दुसरी रीतही तुम्हाला माहीत आहे. नट सैल होतात, चोरीलाही जातात, म्हणून आवळून झाले की त्यांच्यावर वेल्डिंगचा एकेक टाका मारून टाकायचा. ही सूचना प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असतेच. माझ्याही असायची.

त्या गावातल्या शाळेचा हॉल आपण थंडीत पुरा केला. कैच्या इतक्या सरळ चढल्या होत्या की हेडमास्तरांनी तुम्हाला नारळ दिला. मे महिन्यात त्यांचा फोन आला. शाळेला सुट्टी होती म्हणून बरं. मी आले तर हॉलच्या फरशीवर प्लास्टरची ढेकळं पडलेली आणि एका बाजूच्या भिंतीला वरून हातभर खाली आडवी भेग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी परांचीवर चढले. सरकत्या टोकाचे सगळे नट टाके मारून पक्के केलेले होते. एकही कैची केसभर हलू शकत नव्हती.

मी खाली उतरले आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. हेडमास्तर होते, दोन शिक्षक होते, तुमची सगळी माणसं होती. "अण्णा, ते लांबट भोक काय शोभेला दिलं होतं? वीस-पंचवीस वर्षं नुसतं लोखंड जाळत आलात का? जूनमध्ये इथे पोरं बसली असती म्हणजे?" मी अजून बरंच बोलले. सगळं आठवतंय, पण लिहवत नाही. तुम्ही डोक्याचा रुमाल काढून हातात घेतलात. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा माणूस. म्हणालात, "चुकलं मॅडम. भोक लांब दिसलं तवाच इचारायला पायजे होतं." मग स्वतः ग्राइंडर घेऊन वर चढलात आणि संध्याकाळपर्यंत एकेक टाका कापलात. शाळा उघडायच्या आत भिंतीची वरची बाजू नव्याने बांधून, काँक्रीटचा पट्टा घालून दिलीत. तो हॉल आजही उभा आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी कपाटामागे दुसरंच काहीतरी शोधत होते. ड्रॉइंग ठेवायची एक नळी हाताला लागली. तिच्यावर तुमचं नाव होतं, माझ्या अक्षरात. आत शाळेच्या हॉलचं सुधारलेलं ड्रॉइंग होतं. सरकत्या टोकाभोवती मी स्वतः लाल शाईने गोल केला होता आणि लिहिलं होतं, "येथे टाका मारू नये. नट हलका ठेवावा." हे तुम्हाला पाठवायचं म्हणून नळीत घातलं होतं आणि पाठवलंच नव्हतं. तुमच्याकडे गेलं होतं ते जुनं. लांबट भोक त्यातही होतं, पण कोपऱ्यात लिहिलं होतं, सर्व नट आवळून टाका मारावा. तुम्ही माझा कागद शब्दन् शब्द पाळला होतात, अण्णा. भिंत माझ्या कागदाने फोडली होती.

मी त्याच दिवशी तुमच्याकडे यायला हवं होतं. का आले नाही? माझं ऑफिस नवं होतं. या धंद्यात बाई म्हटल्यावर पहिल्या चुकीची वाट बघणारे लोक होते आणि त्यांतले दोघे-तिघे तर चहाला घरी येत असत. हे सगळं खरं आहे. पण ते पुरेसं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी नळी परत कपाटामागे ठेवली आणि मूग गिळून गप्प बसले. ठरवलं की अण्णा विसरतील.

तुम्ही विसरला नाहीत. उलट तुम्ही त्याची रीत करून टाकलीत. दोनेक वर्षांनी मी शेडवर आले होते, तेव्हा एक नवा वेल्डर कामाला लागत होता. त्याच्या हातात होल्डर द्यायच्या आधी तुम्ही त्याला समोर बसवलंत आणि म्हणालात, "आधी माझी चूक ऐक, मग काम कर. मी एकदा शाळेचं छप्पर पोरांच्या अंगावर पाडणार होतो." सगळी गोष्ट सांगितलीत. लांबट भोक, टाके, भेग. आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून, "त्या दिवशी या मॅडम नसत्या तर मी आज तुरुंगात असतो. म्हणून कळलं नाय तर इचारायचं. लाज वाटली तरी इचारायचं." तो माणूस माझ्याकडे देवीकडे बघावं तसं बघत होता. मी चहा पीत राहिले. इतका कडू चहा मी आयुष्यात प्यायले नाही, आणि त्यात साखर नेहमीएवढीच होती.

त्यानंतर शेडवर लागलेल्या प्रत्येक माणसाने पहिल्या दिवशी ती गोष्ट ऐकली. काही तुमच्याकडून शिकून दुसरीकडे गेले, त्यांनीही ती पुढे सांगितली असेल.

एकदा मी सांगायला सुरुवात केली होती. इगतपुरीचं काम बघून आपण जीपमधून परत येत होतो. पाऊस इतका की समोरचं दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही गाडी कडेला घेतलीत. मी म्हटलं, "अण्णा, त्या शाळेचं मला जरा..." तुम्ही लगेच हात वर केलात. "नका काढू मॅडम. अजून अंगावर काटा येतो." आणि मी गप्प झाले. खरं सांगू? मला बरं वाटलं. मी प्रयत्न केला, त्यांनाच नको होतं, असं मी स्वतःला पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

आणि त्या गोष्टीचा फायदा कोणाला झाला, तर मलाच. त्या मेनंतर तुम्ही मला विचारल्याशिवाय एकही टाका मारला नाहीत. "मॅडम, ह्ये पक्कं का सरकतं?" असे तुमचे फोन मला जेवताना आले, लग्नात आले, एकदा दवाखान्यात सलाईन चालू असताना आले. त्या फोनांमुळे माझ्या निदान चार चुका कागदावरच सापडल्या आणि बांधकामापर्यंत गेल्या नाहीत. लोक म्हणतात, मॅडमच्या शेडला काही होत नाही. त्यातली अर्धी अधिक पुण्याई तुमच्या विचारण्याची आहे. तुमच्यासारखा माणूस मला पहिल्याच वर्षात भेटला, हे माझं नशीब. ते मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, "काय काम काढलंय आता?"

तुमच्या दहाव्याला मी लांब उभी होते. दोन दिवसांनी ती नळी घेऊन घरी आले. सुमनवहिनी एकट्याच होत्या. मी ड्रॉइंग उलगडलं, लाल गोल दाखवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की त्या रडतील, किंवा 'जाऊ द्या आता' म्हणतील. त्यांनी कागद शांतपणे बघितला.

"म्हंजे ह्यांची चूक नव्हती?"

"नाही वहिनी."

"अन् तुम्हाला हे कवापासून ठाऊक हाय?"

"त्याच जूनपासून."

त्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या जूनमधी हे रोज सकाळी शाळेत जायचे. पोरांची प्रार्थना व्हईस्तोवर बाहेर कुंपणाशी उभे राहायचे. वर बघत. पोरं वर्गात गेली का मग शेडवर. महिनाभर असं चाललं. घरात म्हणायचे, सुमन, माझ्या हातानं पोरं मेली असती. जेवण जात नव्हतं त्यांना." मला हे माहीत नव्हतं, अण्णा. तुम्ही मला याच्यातला एक शब्द कधी कळू दिला नाहीत. ज्या भिंतीवर मी स्वतः गणित करून विश्वास ठेवून बसले होते, तिच्याखाली तुम्ही महिनाभर पहारा दिलात.

"सगळ्यांदेखत बोलला होता तुम्ही त्यांना," वहिनी म्हणाल्या. "चोराच्या उलट्या बोंबा म्हणत्यात त्या ह्याच." मी मान खाली घातली. "मला सांगून तुमचं मन हलकं झालं असंल. माझं नाय झालं. सगळ्यांदेखत बोलला व्हता, तर सगळ्यांदेखतच सांगा. शेडवर जा." त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. पाणीही विचारलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर कागद फाडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर गेले. योगायोग बघा, त्याच दिवशी मनमाडहून आलेला एक वेल्डर कामाला लागत होता, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. त्याला समोर बसवलं होतं. तुमची रीत मोडायची नाही म्हणून संतोषने रफिकला सांगितलं होतं, गोष्ट तूच सांग. रफिकने घसा खाकरला. "तर हे बघ, आमचे अण्णा होते. त्यांनी एकदा शाळेच्या छपराला..."

"थांब रफिक," मी म्हटलं. "आज मी सांगते."

मशीन बंद झाली. मी उभी राहिले आणि सांगितलं.  सुधारलेलं ड्रॉइंग कुठे पडलं होतं, तुमच्याकडे कुठलं गेलं, त्याच्या कोपऱ्यात काय लिहिलं होतं, कोण कोणावर ओरडलं आणि खरं कोणावर ओरडायला हवं होतं. "अण्णा चुकले नव्हते," मी म्हटलं. "त्यांनी माझा कागद पाळला. चूक माझी होती, आणि ती मला दोन आठवड्यांत कळली होती." संतोष माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, हा आता मला शेडच्या बाहेर काढणार आणि त्याचं बरोबरच आहे.

पण आधी रफिक खाली बसला. तिथेच, लोखंडी पट्ट्यांच्या ढिगावर. "मॅडम," तो म्हणाला, "वो टाके मैंने मारे थे. अण्णा त्या दिवशी वर नव्हतेच, खाली माल उतरवून घेत होते. तुम्ही ओरडलात तेव्हा मी बोलायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात धरला. इतका जोरात की अंगठी रुतली. नंतर म्हणाले, तुझं लगीन ठरलंय, तू मधी पडू नको. मी पण गप्प राहिलो मॅडम. मी पण."

म्हणजे तुम्ही दोघांची चूक घेऊन फिरत होतात, अण्णा. रफिकची म्हणून माहीत असलेली आणि माझी म्हणून माहीत नसलेली. आणि आम्ही दोघं त्या शेडमध्ये एकमेकांसमोर बसून तुमचा चहा प्यायलो, तुमची गोष्ट ऐकत.

 मग मनमाडच्या त्या माणसाने चाचरत विचारलं, "पण मॅडम, कागदावरच चुकीचं असलं तर आम्हाला कळणार कसं?" मी उत्तर द्यायच्या आत संतोष बोलला. आवाज अजून रागातच होता. "इचारायचं. मॅडमलाही इचारायचं. मॅडमलाच आधी इचारायचं." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ही गोष्ट आता तुम्ही सांगायची. दर वेळी. नवा माणूस लागला का मी फोन करीन, तुम्ही यायचं." मी हो म्हटलं. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझा नंबर त्यात घातला.

वहिनींकडे मी परत गेलेले नाही. त्यांनी बोलावलं तर जाईन, नाही बोलावलं तर तेही मला मान्य आहे. ड्रॉइंग शेडमध्ये भिंतीला लावलंय, लाल गोलासकट, खाली माझं नाव आणि न पाठवल्याची कबुली. रफिकने चारही कोपऱ्यांना स्क्रू मारले.

अण्णा, तुम्ही चुकला नव्हतात. तुमच्या हाताने एकाही पोराला काही झालं नसतं. कुंपणाशी उभं राहायची तुम्हाला एक दिवसही गरज नव्हती. तीन वाक्यं आहेत, तुमच्यासमोर खुर्ची ओढून म्हणायला मिनिटभरही लागलं नसतं, आणि त्यासाठी मला बावीस उन्हाळे मिळाले होते.